अळणी भात

आईच्या तोंडातून सात दोरे बाहेर आले होते आणि ते गालावर चिकटपट्टीनं बसवलेले होते. प्रत्येक दोऱ्याच्या आतल्या टोकाला एक सुई होती आणि सुईत रेडियम. मिश्री लावून लावून तिच्या गालाच्या आतल्या बाजूला जी गाठ झाली होती, तिच्यात त्या सुया टोचल्या होत्या. सांगलीकडच्या त्या दवाखान्यात नर्स झरझर आत यायची, दोरे मोजायची आणि तशीच बाहेर जायची. आम्हाला दारातूनच बोलायची मुभा होती. आई बोलू शकत नव्हती. ती नुसती आमच्याकडे बघत पडलेली असे. सात दिवस असे गेले.

घरी पाठवताना डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. मी तेव्हा सांगलीला कॉलेजात होतो. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मीच पहिला, म्हणून सगळं मलाच सांगितलं जायचं. सहा आठवड्यांनी पुन्हा सुया टोचायच्या होत्या. पण तोवर तिनं खाल्लं पाहिजे. वजन उतरलं तर पुन्हा सुया टोचता येणार नाहीत, आणि मग गाठ राहील. तोंडात फोड येतील, थुंकी आटेल, चव जाईल. मीठ-तिखट सोसणार नाही, मऊ आणि अळणी द्या.

रहिमतपूर स्टेशनावरून बैलगाडीनं आम्ही गावी आलो. आमचं गाव वडूजच्या पुढे, कोरडवाहू. घरात वडील, आई आणि वहिनी. थोरला भाऊ लढाईवर, ब्रह्मदेशाच्या बाजूला. आईला भाकरी चावणं शक्यच नव्हतं, तेव्हा वडिलांनी पाटणकडच्या पाहुण्यांकडून तांदूळ आणवले. घरातल्या पितळी भांड्यांना तिखटाचा वास लागलेला, म्हणून वहिनी कुंभाराकडून नवं मडकं घेऊन आली. परत आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. मी विचारलं तेव्हा म्हणाली, कुंभारीण विचारत होती, कोण गेलं.

तेव्हाही माझ्या लक्षात आलं नाही. आमच्याकडे भात फक्त सणाला आणि दहाव्याला. नव्या मडक्यातला अळणी भात तर फक्त दहाव्याला, मेलेल्या माणसाला. आम्ही तोच रोज दोन वेळा आईपुढे ठेवत होतो. फोडणीच्या धुरानं तिला ठसका लागायचा, म्हणून तिचं पान स्वयंपाकघरात न घेता बाहेर पडवीत मांडत होतो.

पहिला आठवडा तिनं चार घास घेतले. मग एके दिवशी वहिनी पाणी आणायला आत गेली तेवढ्यात कौलांवरून कावळा उतरला आणि आईच्या पानातला भात टिपून गेला. आईनं त्याला हाकललं नाही. ती बघत राहिली आणि मग पान हळूच पुढं सारलं.

त्या दिवसापासून तिनं अन्न घेतलं नाही. पाणी तेवढं घ्यायची. घराबद्दल बोलायची ती होऊन गेलेल्या गोष्टींसारखं. "माजी जागा चुलीपाशी असायची," म्हणायची. "मला हिरवी चोळी आवडायची." शेजारच्या बाया भेटायला येत, तर उंबऱ्याबाहेरच टेकत आणि हलक्या आवाजात बोलत. सुया जिथे होत्या तिथे बाहेरून गालाचं कातडं करपल्यासारखं काळं झालं होतं. बायांची नजर तिथेच जायची.

मी तिच्याजवळ बसून पदार्थविज्ञानाच्या पुस्तकातलं समजावलं. रेडियममधून किरण निघतात, ते गाठ जाळतात, जिभेलाही थोडं भाजतं, म्हणून चव गेली. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"मी दवाखान्यातच मेले," ती म्हणाली. "त्या दोऱ्या काडल्या तवाच. तोंडात थुका न्हाई, जिबंला चव न्हाई. कावळा बी शिवला. तू शिकल्याला, म्हनून डाक्टरांनी तुला खोटं बोलाय धाडलंय."

मी वडिलांना सांगितलं. वहिनी चुलीपाशी होती, तिनंही ऐकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनीनं आम्हा सगळ्यांची पानं पडवीत आईच्या शेजारी मांडली आणि त्या मडक्यातला भात सगळ्यांना वाढला. वडिलांनी घास घेतला आणि वहिनीकडे पाहिलं.

"मीठ न्हाई, पोरी."

"घरात कुनालाच न्हाई, मामा," वहिनी सासऱ्यांना म्हणाली आणि कधी नव्हे ती आमच्याबरोबर जेवायला बसली.

वडील खाली मान घालून जेवू लागले. मीही. भर दुपारी, ऊन अंगणात पांढरं पडलेलं, आणि आम्ही तिघं एका ओळीत मेलेल्याचा भात खात होतो. घास गिळताना मला खरंच वाटू लागलं की आपण कुणीच उरलेलो नाही. आई वडिलांकडे बघत होती.

"आवं, तुमी कशाला खाताय त्यो?"

"तू हाईस तितं आमी," वडील म्हणाले.

तेवढ्यात शेजारची म्हातारी ताक मागायला आली. तिनं नवं मडकं पाहिलं, नुसत्या पांढऱ्या भाताची पानं पाहिली, आम्हा सगळ्यांच्या माना खाली गेलेल्या पाहिल्या आणि आईला तर जागेवर बसलेली पाहिली. ती आल्या पावली मागं फिरली. तिच्या मनात काय आलं ते आम्हाला उमगायच्या आधीच चार-पाच बाया अंगणात आल्या, पदर तोंडाला लावून. एकीनं वहिनीच्या गळ्यात पडून थोरल्या भावाचं नाव घेतलं आणि रडू लागली. लढाईवरून तार आली, असं त्यांनी धरलं होतं.

वहिनी पांढरीफटक पडली. तो भात शिजवताना तिच्या मनातही हेच आलं असेल का, हे मी तिला पुढे कधी विचारलं नाही.

आई भिंतीला धरून उठली. पंधरा दिवसांत ती आपणहून उठली नव्हती.

"गप बसा," ती म्हणाली. आवाज फाटलेला होता, पण अंगणभर ऐकू गेला. "माजा ल्योक जित्ता हाय."

"मग भात कुनाचा, बाई?" म्हातारीनं विचारलं.

आईनं त्या बायकांकडे, वहिनीकडे पाहिलं.

"माजा," ती म्हणाली. "तोंड भाजलंय माजं. मीठ सोसत न्हाई मला. म्या जित्ती हाय."

मग ती खाली बसली, आणि त्या सगळ्या बघत असताना तिनं पान पुढं ओढून भात खाल्ला. दर घासाला तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. थांबत थांबत तिनं पान संपवलं. बाया निघून गेल्या तरी ती तिथेच बसून होती.

ठरल्या दिवशी आम्ही तिला दवाखान्यात नेलं. वजन थोडं उतरलं होतं, पण डॉक्टरांना चालण्यासारखं होतं. सुया पुन्हा टोचल्या. मी बी. ए. झालो ते तिनं पाहिलं, भाऊ परत आला तेही. चव मात्र परत आली नाही. ती शेवटपर्यंत आमचं तोंड बघून भाजीला मीठ किती पडलंय ते ओळखायची.

पण एखाद्या दुपारी, घरात कुणी नसताना, ती माझं मनगट धरायची आणि विचारायची, "खरं सांग. म्या हाय न्हवं?"

मी हो म्हणायचो. ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहायची आणि मगच हात सोडायची.