जादा पाटा

कोल्हारला सत्तारभाई उसाच्या ट्रकांना चाकांवरचे दणके झेलणारे लोखंडी कमानपाटे बसवायचे. त्यांच्या गॅरेजसमोरच माझं औषधाचं दुकान. दोन वर्षांपूर्वी मीच त्यांना ईसीजी काढायला ओढून नेलं. डॉक्टर म्हणाले, "बदल किरकोळ आहेत, झटका नाही. पण बीपीचा भार सोसून हृदयाची भिंत जाड होत चाललीय. गोळी रोज घ्या, अजून वेळ आहे."

बाहेर येताच सत्तारभाई हसले. "ऐकलं का नितीन? भार वाढला की आपण ट्रकला जादा पाटा घालतो. तसा दिलानं सवताच घातलाय. मंग गोळी कशाला?"

मी भांडलो. त्यांची बायको मुबारकबी रडली. पण लोखंडात हयात गेलेल्या माणसाला जाड म्हणजे मजबूत, एवढंच पटायचं. डोकं दुखलं तरच गोळी मागायचे.

आता त्यांच्यानं घण उचलवत नाही, गॅरेजात बसून पोरांकडून काम करून घेतात. पाय सुजलेत, आडवं झालं की दम कोंडतो, म्हणून बसल्या बसल्या झोपतात. हृदय ताठ झालंय, आता फक्त त्रास कमी करता येईल, असं डॉक्टरांनी सांगितलंय. आणि आता गोळ्या मूठभर, न चुकता.

काल गोळ्या द्यायला गेलो, तर एक ड्रायव्हर जादा पाटा मागत होता. सत्तारभाई धापा टाकत ओरडले, "घालीन, पण कमान ताठ हुईल! मंग सगळा दणका चासीला. चासी तडकली की गाडी भंगारात!"

जादा पाटा घालताना हेच ते आयुष्यभर प्रत्येक ड्रायव्हरला ऐकवत आलेत.