कोर्टाकडे पाठ

जळगावच्या पिंप्राळ्यात आमच्या घरापासून चार गल्ल्या सोडून एक मंगल कार्यालय आहे. आता तिथे एसी बसलेत, स्टेजला झुंबर आलंय आणि खाली गालिचा. कुणाच्या लग्नाला गेलो की माझं लक्ष अक्षतांपेक्षा त्या गालिच्याकडेच जातं. त्याच्याखाली ती जुनी गुळगुळीत फरशी असणार. त्या फरशीवर मी सहा वर्षं, लग्नसराई सोडून, जवळजवळ रोज दुपारी मांडी घालून बसलो. समोर चाकाच्या खुर्चीत माझी बहीण, आमच्या दोघांमध्ये पाइपची घसरण, आणि माझ्या पाठीमागे तिचा खेळ.

ती माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडला, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. हातपाय आखडलेले, मान सावरायला वेळ लागायचा, आणि बोलताना एकेक अक्षर घशातून ओढून काढावं लागायचं. डोकं मात्र लख्ख. वडील लवकर गेले. माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान घराच्या पुढच्या खोलीत, त्यामुळे ती दिवसभर माझ्या नजरेसमोर असायची. तिनं 'पा' म्हटलं की मी आतल्या आईला पाणी आणायला सांगून मोकळा. डॉक्टर असो, पाहुणे असोत, मतदान केंद्रावरचे साहेब असोत, तिच्या वतीनं मीच बोलायचो. तिचं बोलणं माझ्याइतकं कुणालाच कळत नाही, याचा मला अभिमान होता, हे कबूल करतो.

आईचं माहेर शिंदखेड्याचं. एकदा तिथून परतताना मामाच्या सांगण्यावरून आम्ही धुळ्यात उतरलो. तिथल्या एका विशेष शाळेत मापाच्या खुर्च्या करून देतात, असं त्याला कळलं होतं. खुर्चीचं काम होईपर्यंत आम्ही व्हरांड्यात बसलो होतो. तिथे एक बाई मुलांना जमिनीवर चेंडू खेळवत होत्या. सहा लाल, सहा निळे, एक पांढरा. ज्याचा चेंडू पांढऱ्याच्या जास्त जवळ, तो जिंकला. बहीण टक लावून बघत राहिली. बाईंनी तिला सरळ विचारलं, "खेळणार?"

मी म्हणालो, "तिला हातात काही धरता येत नाही हो."

"हिला विचारलं मी," बाई म्हणाल्या.

बहीण म्हणाली, "हो."

या खेळाला बोचिया म्हणतात, हे तेव्हा समजलं. ज्यांना हातानं चेंडू टाकता येत नाही ते उतरत्या नळीवरून, म्हणजे घसरणीवरून, सोडतात. नळी हलवायला सोबत एक माणूस असतो. पण त्या माणसानं कोर्टाकडे पाठ करून बसायचं. मागे वळून बघायचं नाही, काही सुचवायचं नाही. खेळाडू सांगेल तेवढंच करायचं. डाव संपला, पंचांनी खूण केली, की मगच वळायचं.

पहिली नळी मी घरीच केली. केळीच्या बागेतला जुना पाइप उभा चिरला, स्टोव्हवर तापवून त्याला बाक दिला आणि लोखंडी स्टँडवर बसवला. चेंडू कुठल्या उंचीवरून सोडायचा, हे कळावं म्हणून पाइपला बोटाबोटाच्या अंतरावर तांब्याची तार गुंडाळली. आईनं जुन्या जीनच्या कापडाचे चेंडू शिवले. आत ठिबकच्या नळ्या करतात तो प्लॅस्टिकचा दाणा भरला. मोडक्या छत्रीची दांडी पट्ट्यानं बहिणीच्या कपाळाला बांधली. त्या दांडीनं चेंडूला नुसता धक्का द्यायचा, की चेंडू सुटला.

जागेचा प्रश्न होता. मंगल कार्यालयाचे मालक मारवाडी शेठ. त्यांच्या बोअरची मोटार जळाली की मीच भरून द्यायचो. भीत भीत त्यांना विचारलं.

"लग्न नसेल तेव्हा खेळा की," ते म्हणाले. "फक्त झाडून घ्या हां भाऊ. मागच्या लग्नाच्या अक्षता अजून कोपऱ्याकोपऱ्यात आहेत."

त्या अक्षतांनी आम्हाला फार छळलं. सरळ निघालेला चेंडू तांदळाच्या एका दाण्यावरून जाताना नेमका वाकडा व्हायचा. आई पदर खोचून सगळा हॉल झाडायची आणि मग भिंतीशी बसून वाती वळायची. वर पंखा कुरकुरायचा. कधी कधी शेठ दुपारचं जेवण उरकून यायचे आणि खुर्ची ओढून बसायचे. त्या दुपारी मला अजून आठवतात. बाहेर ऊन आणि रिक्षांचे हॉर्न, आत आम्ही चौघं, आणि फरशीवरून जाणाऱ्या चेंडूचा तो घरंगळता, मऊ आवाज.

मला फक्त आवाजच यायचा. चेंडू कसा जातोय ते आई बघायची, शेठ बघायचे. मी बघायचो बहिणीचा चेहरा. बोलण्यात तिचा दम जाऊ नये म्हणून आम्ही अक्षरं ठरवली होती. 'डा' म्हणजे डावीकडे, 'उ' म्हणजे उजवीकडे, 'व' वर, 'खा' खाली, आणि 'बा' म्हणजे बास. चेंडू थांबला की मागून आई ओरडायची, "माय वं, चिकटी गया!" मग मला कळायचं, पांढऱ्याला चिकटला.

धुळ्याच्या बाई महिन्यातून एकदा एसटीनं यायच्या. त्यांनीच खरे चामड्याचे चेंडू आणि नीट घसरण मिळवून दिली, नियम शिकवले, जिल्ह्याच्या आणि मग राज्याच्या स्पर्धेला नेलं. बहीण जिंकत गेली. एके दिवशी बाईंचा फोन आला. आशियाई पॅरा स्पर्धेसाठी भारताचा संघ निवडायचा होता आणि त्याच्या शिबिराच्या यादीत बहिणीचं नाव होतं. सोबतीला अर्थात मी. आईनं डबाभर तिखट पुऱ्या केल्या आणि स्टेशनावर, लोकांसमोर, दोघांची दृष्ट काढली.

शिबिर दूर उत्तरेत होतं. मोठा हॉल, लाकडी जमीन, सात-आठ राज्यांतले खेळाडू. तिथल्या प्रशिक्षकांना सगळे 'सर' म्हणत. पहिले चार दिवस सर कोर्टाच्या कडेला उभं राहून आमच्याकडे बघत राहिले. पाचव्या दिवशी त्यांनी मला बाजूला घेतलं.

"खेल कौन रहा है? तुम या वो?"

मला राग आला. मी म्हणालो, मी तर मागे बघतसुद्धा नाही.

"देखते नहीं हो, लेकिन उसके बोलने से पहले तुम्हारा हाथ चल पड़ता है."

खरंच तसं होतं. बहिणीनं डोळे बारीक केले, श्वास धरला, की मला वाटायचं ती घाबरली. मग मी घसरण जराशी सोप्या बाजूला सरकवून ठेवायचो. तिला जड जाऊ नये म्हणून. इतक्या वर्षांत ती त्याबद्दल काही बोलली नव्हती, की बोलली होती आणि मला ऐकू आलं नव्हतं, कुणास ठाऊक.

दोन दिवसांनी निवडीचा पहिला सामना होता. समोर गुजरातची एक मुलगी. तिसऱ्या डावात माझ्या मागे चेंडूवर चेंडू आदळल्याचा मोठा आवाज झाला, आणि माझी मान वळली. अगदी निमिषभर. पंचांनी लगेच हात वर केला. समोरच्या मुलीला एक जादा चेंडू मिळाला, त्यावर तिनं डाव घेतला आणि त्याच डावानं सामना गेला. बहिणीचे आणखी सामने बाकी होते, पण त्या दिवशी ती माझ्याशी बोलली नाही. जेवताना तिला घास भरवत राहिलो आणि ती खात राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला आम्ही सरांच्या टेबलाशी होतो. बहीण सरांकडे बघून काहीतरी म्हणाली. सरांना तिचं बोलणं कळत नसे. त्यांनी नेहमीसारखं माझ्याकडे बघितलं.

ती म्हणाली होती, "मला दुसरं माणूस पाहिजे."

मी सरांना हिंदीत सांगितलं, "वो कह रही है, आज थकी हुई है."

बहिणीनं कोपर खुर्चीच्या फळीवर आपटलं. चहा सांडला. "खो-टं," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघत, एकेक अक्षर सुटं करून, तेच वाक्य परत म्हणाली. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. आपलं वाक्य पलीकडे पोहोचेपर्यंत ती थांबून राहिली होती.

मी सरांकडे वळलो. "सर, वो कह रही है, उसको मेरी जगह कोई और चाहिए."

सरांनी मान हलवली. "ठीक है," म्हणाले आणि माझ्या पुढ्यात दुसरा चहा ठेवला. त्यांना हे आधीपासून हवं होतं, पण ती म्हणेपर्यंत ते थांबले होते, असं मला नंतर वाटलं.

शिबिरात फिजिओथेरपी शिकणारी विदर्भातली एक मुलगी होती. तिला ते काम दिलं. मी तीन दिवस थांबून तिला आमची अक्षरं शिकवली. शिकवता शिकवता म्हणालो, "आणि हिचा डावा खांदा वर गेला ना, की समजायचं..."

"भाऊ," बहीण मधेच म्हणाली, "नको सांगू. ती विचारेल."

मुलीनं खरंच प्रत्येक गोष्ट विचारली. चिडल्याशिवाय, घाई केल्याशिवाय. न कळलं तर परत विचारायची. मी कोर्टाबाहेर भिंतीला टेकून उभा होतो. करण्यासारखं काही उरलं नव्हतं. चौथ्या दिवशी एकटाच गाडीत बसलो. खुर्ची चढवायची नाही, पाण्याची बाटली धरायची नाही, कुणाला घास भरवायचा नाही. इतका मोकळा प्रवास मी जन्मात केला नव्हता आणि तो संपता संपत नव्हता.

घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं. ती बहिणीवर चिडेल, असं मला कुठेतरी वाटत होतं. तिनं वाती वळणं थांबवलं नाही.

"तिना खेय शे भो," ती म्हणाली. "तुना नही."

खेळ तिचा, माझा नाही. मी दुकानात जाऊन बसलो. उन्हाळा होता, शेतातले पंप धडाधड जळत होते, पुढ्यात मोटारींचा ढीग होता. आठवडाभर खाली मान घालून तार गुंडाळत राहिलो. कुणी बहिणीचं विचारलं की 'बरी आहे' एवढंच सांगायचो. मग बाईंचा फोन आला, की उरलेले सगळे सामने बहीण जिंकली आणि संघात तिची निवड झाली. मी पेढे आणले, गल्लीत वाटले. पेढा देताना लोक म्हणायचे, आता तुम्हीही परदेशात जाणार! प्रत्येक दारात मला सांगावं लागलं, की मी जाणार नाही.

तिच्या पहिल्या सामन्याच्या दिवशी शेठनी आम्हाला त्यांच्या ऑफिसात बोलावलं. तिथे मोठा टीव्ही होता, त्याला त्यांच्या पुतण्यानं इंटरनेट जोडून दिलं. सकाळची वेळ होती. आई समोरच्या खुर्चीत ताठ बसली होती. पडद्यावर आमची पोर दिसली. अंगात देशाचा निळा शर्ट, छातीवर देशाचं नाव. तिच्यासमोर विदर्भातल्या त्या मुलीची पाठ. आई म्हणाली, "बठ्ठा तिलेच देखी राहिनात!" सगळे आपल्या पोरीकडेच बघताहेत, याचंच तिला अप्रूप.

मी तिचा खेळ त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. दुसऱ्या डावात समोरच्या खेळाडूचे दोन चेंडू पांढऱ्याच्या पुढे भिंतीसारखे उभे होते. बहिणीनं डोळे बारीक केले. श्वास धरला. खुर्चीत बसल्या बसल्या माझे हात पुढे सरकले. ती मुलगी मात्र हलली नाही, नुसती थांबली. दहा सेकंद, वीस सेकंद. मग बहिणीचे ओठ हलले. घसरण किंचित वळली, चेंडू पार वरच्या खुणेवर चढला. तिनं कपाळानं धक्का दिला. तो सुसाट खाली आला, भिंतीत घुसला, दोन्ही चेंडू उधळले आणि तो पांढऱ्याला जाऊन टेकला.

शेठनी टाळी वाजवली. मी वाजवली नाही. त्या चेहऱ्यासमोर मी सहा वर्षं बसलो होतो, आणि ज्याला मी भीती समजत होतो ते तिचं धाडस होतं. किती वेळा मी तिला सोप्या बाजूला वळवलं असेल!

तो सामना ती जिंकली. पुढचे दोन हरली, दुसरा तर अगदी एका गुणानं. गटातूनच बाहेर पडली. पदक नाही. आठ दिवसांनी ती जळगाव स्टेशनावर उतरली तेव्हा शेठ हार घेऊन आले होते, धुळ्याहून बाई आल्या होत्या. घरी पोचल्यावर, सगळे गेल्यावर, मी तिच्या खुर्चीशी खाली बसलो.

"डोळे बारीक करायचीस तेव्हा काय करत असायचीस?"

"अंतर मोजायचे," ती म्हणाली.

"मला वाटायचं, घाबरलीस."

ती हसली. तिचं हसू सगळ्या अंगातून येतं, खुर्ची हलते. "माहीत होतं," ती म्हणाली. मग बराच वेळ दम घेऊन म्हणाली, "तू रडशील म्हणून नाही बोलले."

मग मी खरंच रडलो.

आता ती दुसऱ्यांदा संघाच्या शिबिरात आहे. तीच मुलगी सोबत आहे. मी रविवारी धुळ्याला जातो. बाईंच्या शाळेतल्या मुलांसाठी घसरणी बनवून देतो. तिच्यासोबत कोर्टावर जात नाही, आम्ही तसं ठरवलंय. पण दुपारी दुकानात एखादी मोटार भरून संपते, हात मोकळे होतात, तेव्हा त्या रिकाम्या हॉलची फार आठवण येते.

परवा तिचा फोन आला. भरभर काहीतरी सांगत होती. तिथल्या मैत्रिणींना तिचं बोलणं आता सरावाचं झालंय, त्यामुळे ती आता अक्षरं तोडून बोलत नाही. मला दोन शब्द कळले नाहीत.

"काय म्हणालीस?" मी विचारलं.

तिनं परत सांगितलं. तरी कळेना. मी पुन्हा विचारलं. तिकडे कुणीतरी हसलं, तीही हसली, आणि तिसऱ्यांदा सावकाश म्हणाली, की इथल्या जेवणाला चव नाही, आईला सांग, कुरिअरनं ठेचा पाठव, भरपूर.