गच्ची धुतली कपड्याच्या पाण्यानं

मंडळी, आज सकाळी गच्चीवर गेले आणि डोक्याला हातच लावला. गेल्याच आठवड्यात मारलेल्या वॉटरप्रूफ कोटिंगला जागोजागी फुगे आलेले. बोट लावलं की पापडासारखं सुटून राहिलं!

कोटिंग मारणारे गफ्फारभाई फोन करताच आले. त्यांनी थोडं खरवडून बघितलं आणि विचारलं, "ताई, मी यायच्या आधी गच्ची कशानं धुतली होती?"

"कपड्याच्या पाण्यानं."

आमच्या उदगिरात सध्या दुसऱ्या कशानं धुणार? टँकरचं पाणी प्यायलाच पुरत नाही. कपडे धुतलेलं पाणी आम्ही टिपाडात साठवतो. त्यानंच फरशी पुसायची, तेच संडासात टाकायचं.

"मग साबण राहिला ना खाली. त्याच्यावर कोटिंग धरतच न्हाई. आता सगळं काढून चांगल्या पाण्यानं धुवावं लागंल."

चांगलं पाणी! मी हसले, तेही हसले.

"न्हाई तर पावसालाच धुऊ द्या," ते म्हणाले.

"अहो, पाऊस आला तर स्वयंपाकघर गळतंय की!"

जिन्यात उभ्या सासूबाई म्हणाल्या, "गळू दे माय. आधी येऊ तर दे."

दरवर्षी त्या गळतीखाली पातेलं ठेवताना माझी नुसती चिडचिड व्हायची. आज खाली आले आणि तेच पातेलं पुसून, रिकामंच, त्या जागी ठेवलं.

कुणाच्या गावात पाऊस पडून राहिला असेल आणि घर गळत असेल, तर तेवढा टपटप आवाज रेकॉर्ड करून इथं टाकाल का? सासूबाईंना ऐकवायचाय. मलाही.