देवगाव फाट्यावरची कोरडी जागा

भुताखेतांच्या गोष्टी मला सांगू नका, असं आजवर मीच लोकांना बजावत आले. अंगणवाड्यांची तपासणी करत गावोगाव फिरते; अंगात येणाऱ्या बायकांना आधी हिमोग्लोबिन तपासायला पाठवते. त्यामुळे हे वाचून हसलात तरी माझी तक्रार नाही.

देवगाव फाट्यावर मी रोज सकाळी बस बदलते. तिथे मन्मथशेठच्या हॉटेलाबाहेर सिमेंटचा कट्टा आहे. एक बेघर म्हातारी तिथे टेकायला यायची. ती लांबून दिसली की शेठ कट्ट्यावर बादलीभर पाणी ओतायचा.

"शेठ, बसू द्या की तिला."

"ताई, गिऱ्हाईक पळायलंय माझं. लय कळवळा असंल तर घरी न्या!"

म्हातारी भांडायची नाही. बाजूला उभी राहून मला विचारायची, "वाळलं का, माय?" वाळलं की मी तिला शेजारी बसवून घ्यायचे. शेठ पुन्हा बादली भरायचा.

उन्हाळ्यात ती त्या ओल्या कट्ट्यासमोरच उभ्या उभ्या कोसळली... गेली. पदर सरकला तेव्हा गळ्यात इष्टलिंग दिसलं. तेच शेठच्या गळ्यात, तेच माझ्या. आम्हा लिंगायतांत मेलेल्या माणसाला जाळत नाहीत, बसवून पुरतात. मी तसं सांगितलं.

"कुठून तरी उचललं असंल तिनं," शेठ म्हणाला. पोलिसांचे सोपस्कार उरकले आणि लोकांनी तिला आडवं जाळलं. जिवंतपणी बसू दिलं नाही, मेल्यावरही नाही.

तेव्हापासून कट्ट्यावर पाणी ओतलं की मधोमध एका माणसाच्या बैठकीएवढी जागा कोरडी राहते. तेल-मेण सांडलं असेल म्हणून मी स्वतः सोड्याने घासून पाहिलं. शेठने वर नवी फरशी बसवली. तिच्यावरही तेच!

आता शेठ त्या जागेला विभूती लावतो, उदबत्ती लावतो. परवा ढगाळ, गार सकाळी एक भटका म्हातारा तिथे टेकायला आला.

"ऊठ रे! देवीची जागा हाय ती!" शेठ बादली घेऊन धावला.

मी म्हाताऱ्याचा दंड धरून त्याला नेमकं तिथेच बसवलं. तो फरशी चाचपत म्हणाला, "बाई, आत्ताच कुनी उठून गेलं का इथून? ऊब हाय."

मी हात लावून पाहिला. होती. कशाची, ते मला अजून कळलेलं नाही — आणि शेठ भरली बादली घेऊन आमच्या डोक्यावर उभा होता.