आजोबांच्या जन्माचा रकाना

फॉर्मच्या दुसऱ्या पानावर रकाना होता : वडिलांच्या वडिलांचं जन्मस्थळ. मी कराची लिहिलं. आजोबाच सांगायचे तसं. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे फॉर्म भरताना विचारावं असं कुणी नव्हतं. खरं ते लिहायचं, एवढंच मला माहीत.

एका देशाची योजना होती. तिथे जाऊन शिकायचं, मग तिथेच राहता येईल. जागा मात्र मूळ देशानुसार वाटलेल्या, आणि मूळ म्हणजे आजोबांचा जन्म. इथल्या, बहरीनच्या मनामा शहरातल्या एजन्सीच्या बाई फॉर्म बघून म्हणाल्या, "बेटा, लकी हो. इंडिया की लिस्ट फुल है. तुम पाकिस्तान में आओगी, उधर जगह है. दादाजी का कागज ले आओ."

मी चाचरत विचारलं, आजोबा जन्मले तेव्हा पाकिस्तान नव्हताच, मग?

"सिस्टम को इतना हिस्ट्री नहीं आता," बाई हसल्या.

बाबा रिफातल्या एका घरी ड्रायव्हर आहेत. संध्याकाळी उम्म अल हस्सम भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये त्यांनी हे ऐकलं आणि भडकले.

"माझो आजो कराचीच्या गोदीत कामाक होतो, म्हणान माझो बापूस थंय जन्माक इलो. म्हणजे आमी थंयचे झालो? आमचा मूळ देवगडाक!"

"मूळ देवगडला, आणि मी तिथे सुट्टीत दहा दिवस राहते."

"गावचो देव थंय आसा."

आई भाजी चिरत म्हणाली, "माझे बाबा गोव्यात जन्मले, पोर्तुगीज होते तेव्हा. त्यांची यादी रिकामी असली तर बघ." ती स्वतःच हसली. मला हसू आलं नाही. जागा हवी होती मला. खरंच हवी होती.

शेवटी बाबांनी गावी काकांना फोन केला. दोन दिवसांनी आजोबांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्याचा फोटो आला. जन्मस्थळ : देवगड.

काका म्हणाले, त्यात काय नवल? फाळणीनंतर कुटुंब परत आलं तेव्हा आजोबा सहा-सात वर्षांचे. मास्तरांनी विचारलं, "गाव खंयचा?" पणजोबांनी सांगितलं, मास्तरांनी लिहिलं. मूळ गाव हाच जन्म. सगळ्यांचंच असं लिहीत.

"बघ!" बाबा म्हणाले. मग त्यांच्या लक्षात आलं, या कागदावर माझी जागा जाते. दुसरा कागद कुठे नव्हताच.

मी तोच घेऊन गेले. बाईंनी फोटो मोठा करून पाहिला. "ये तो इंडिया है."

"पर जन्म कराची का है. उन्होंने खुद बताया था."

"कागज पे नहीं है ना. खलास."

म्हणजे आजोबांच्या जन्माची गोष्ट एका मास्तरांच्या सवयीवर ठरली, आणि माझी त्याच्यावर. मी बहरीनमध्ये जन्मले, इथेच वाढले, त्याला रकानाच नव्हता. माझी गुणपत्रिका त्याच फाईलमध्ये, शेवटच्या पानावर होती. बाईंनी तिथपर्यंत पानं उलटलीच नाहीत. मला ओरडायचं होतं. मी "थँक यू" म्हटलं आणि बाहेर आले. त्या थँक यूचा राग मला अजून येतो. ज्यांनी कुणी माणसं अशी वाटायची ठरवली, त्यांचा त्याहून जास्त. त्यांना वाटत असेल हा हिशोब सरळ आहे. त्यांनी एकदा आमच्या घरी येऊन जेवायला बसावं, आणि आम्ही कुठचे ते ठरवून दाखवावं.

बाबा खाली गाडीत थांबले होते.

"काय झाला?"

"आपण देवगडचे," मी म्हटलं.

मला ते टोचून बोलायचंच होतं, आणि ते लागलंही. बाबांनी किल्ली फिरवली नाही.