डावीकडे वळलेलं विमान

"आत्ता आहे तिथं बघू नका. असेल तिथं बघा."

असं म्हणून ते उजवा हात लांब करायचे, एक डोळा मिटायचे आणि समोरून जाणारी सायकल, टांगा, पतंग, जे असेल ते अंगठ्याच्या टोकावर धरायचे. भर रस्त्यात असं करणारा माणूस दिसला, तर तुम्ही काय समजाल? पहिल्या दिवशी आम्हीही तेच समजलो.

ते तोफखान्यात कॅप्टन होते. विमानं पाडणाऱ्या तोफांवर. एकाहत्तरच्या लढाईत डावा कान गेला, म्हणून सैन्यातून मोकळे झाले आणि नगरबाहेरच्या आमच्या बसक्या सरकारी ऑफिसात आले. मी गणित घेऊन नुकतीच बी.एस्सी. झाले होते. हवेत पळणाऱ्या, वळणाऱ्या विमानाला क्षेपणास्त्रानं कसं गाठायचं, याची आकडेमोड आमच्याकडे चालायची. यंत्राचा दांडा फिरवून आकडे काढायचे आणि ते आलेखाच्या कागदावर मांडायचे. लाल रेघ शत्रूच्या विमानाची, निळी आपली.

मला ते काम त्यांनी माळीवाडा स्टँडवर शिकवलं. एसटी कधीच थांब्यावर थांबायची नाही. आम्ही सगळे तिच्या मागं धावायचो. कॅप्टनसाहेब मात्र लांब पुढे, लिंबाच्या झाडाखाली शांत उभे. बसचं दार नेमकं त्यांच्यापुढे उघडायचं.

"मागं धावणारा दमतो, ताई," मी धापा टाकत चढले की ते म्हणायचे. "पुढं जाऊन उभं राहावं."

एकदा बस चक्क थांब्यावरच थांबली. सगळी गर्दी आत बसली आणि साहेब झाडाखालून पळत आले. आम्ही खिडकीतून हसत होतो. तेही हसले. "ड्रायव्हर बदलला वाटतं."

पण खरी गंमत पुढेच आहे, असं त्यांचं म्हणणं. सरळ जाणाऱ्याला गाठणं सोपं. जो वळतो, त्याचं काय? त्यावर आमची पद्धत अशी होती: आपल्यापासून लक्ष्यापर्यंत नजरेची एक रेषा धरायची. अंतर कमी होतंय आणि ती रेषा दिशा बदलत नाही, म्हणजे गाठ पडणार. लक्ष्य वळलं की रेषा फिरते. ती जितकी फिरेल, त्याच्या काही पट आपण वळायचं. मला हे फार सुंदर वाटायचं. लाल रेघ कशीही वळवा, निळी तिला जाऊन भिडायचीच. जिथं भिडेल तिथं मी फुली मारायची.

एक गोष्ट माझ्या हळूहळू ध्यानात आली. साहेब दोन्ही रेघा स्वतः काढत, पण फुलीपाशी पेन्सिल खाली ठेवत.

"ती तुम्ही करा, ताई. आणि मोठी नको."

दुपारी डबा खाताना ते कधीकधी मध्येच थांबायचे. घास हातात तसाच. छावणीकडे एखादा ट्रक गुरगुरला तरी चांगला कान वर करून ऐकत राहायचे, मग हळूच विचारायचे, "गेला का?" आम्ही "गेला" म्हटलं की जेवण पुढे सुरू.

त्या वर्षी पावसानं पाठ फिरवली होती. ऑफिसात पिण्याचं पाणी टँकरनं यायचं. अशाच एका रखरखीत दुपारी वरून एक मोठे अधिकारी आले. त्यांचा प्रश्न साधा होता. विमान वळल्यावर आपण वळतो, त्यात क्षणभर उशीर होतो. वैमानिक कुठे वळेल हे आधीच कळलं तर? त्यांनी साहेबांकडे पाहिलं. "तुम्ही तर प्रत्यक्ष पाडलंय. तुम्हाला कसं कळलं?"

साहेब उभे राहिले. आवाज नेहमीसारखाच होता.

"आम्ही एका पुलाच्या राखणीला होतो. विमान खालून आलं. पहिल्या माऱ्यातच धूर निघाला. त्याच्या उजव्या हाताला गाव होतं. घरं, छपरं, गच्चीवर वाळत घातलेले कपडे. डाव्या हाताला गव्हाची शेतं. वैमानिक गावावरून गेला असता तर आम्ही मारा केला नसता. निसटला असता. पण विमान कधीही कोसळेल, हे त्याला कळलं होतं. मी तोफा आधीच डावीकडे वळवायला सांगितल्या. तो डावीकडेच वळला."

"पण कसं ओळखलंत?"

"मी असतो तर डावीकडेच वळलो असतो."

मग साहेब सावकाश म्हणाले, "दुसऱ्या दिवशी शेतात एक बूट सापडला. नाडी नीट बांधलेली होती. दुहेरी गाठ मारून."

अधिकारी वाईट माणूस नव्हते. त्यांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "म्हणजे वस्तीजवळ जखमी विमान मोकळ्या रानाकडे वळतं. हे आपल्याला आकडेमोडीत धरता येईल."

"धरता येईल," साहेब म्हणाले. "मी धरणार नाही."

त्यांनी त्याच आठवड्यात नोकरी सोडली. निरोप समारंभ नको म्हणाले. आम्ही चहा मागवला, तो मात्र घेतला.

पुढच्या उन्हाळ्यात यजमानांच्या कामानं आम्ही नेवाशाला गेलो. तिथून साहेबांचं गाव जवळच. त्यांची कंपासपेटी माझ्याकडे राहिली होती, ती द्यावी म्हणून मी गेले. साहेब घरी नव्हते. दुष्काळी कामावर, पाझर तलावाच्या बांधावर देखरेखीला जात. त्यांच्या आई ओसरीवर बसल्या होत्या. त्यांनी पेटी पदरानं पुसून आत नेऊन ठेवली, मला गूळ-पाणी दिलं.

"हापिसात व्हता तवा बी झोपंत बोलायचा का गं ह्यो?"

"ते मला कसं कळणार, आजी? काय बोलतात?"

"उजवीकडं वळ, म्हन्तो. उजवीकडं वळ, उजवीकडं वळ बाबा. लई काकुळतीला येतो. मी उठून पानी देते. कुनाला सांगतो, तुला ठावं हाय?"

मी म्हटलं, "आहे एक माणूस."

"वळखीचा?"

"हो. चांगल्या ओळखीचा."

आजी उन्हात तापलेल्या रस्त्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मंग आयकत का न्हाई त्यो?"