तळेगावच्या शिवेवर राहिलेली बाई

ऐन गणपतीच्या तोंडावर मूर्तिकाराच्या मुलीनं घराबाहेर पडणं म्हणजे काय, हे पेणमध्ये राहिलेल्यालाच कळेल. ओसरीपासून माजघरापर्यंत शाडूचे गणपती, जेवायला बसायचं तर आधी चार मूर्ती सरकवायच्या. डोळ्यांची आखणी माझ्याकडे असायची. आणि त्याच दिवसांत मी पिशवी भरून वर्ध्याला निघाले होते.

गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची. वर्तमानपत्रात कोपऱ्यात चौकट होती: नवोदित शिल्पकारांसाठी खुल्या जागेतली स्पर्धा, मुक्काम तळेगाव (श्यामजी पंत). गावात मिळेल त्याच सामानातून तिथंच उघड्यावर शिल्प घडवायचं. पहिलं येईल ते पुढं सिमेंटात करून एसटी स्टँडसमोर 'कायमस्वरूपी' उभं करणार. त्या एका शब्दानं मी वेडी झाले. आमच्या घरात कायमस्वरूपी असं काही बनतच नव्हतं. जे बनायचं ते दहा दिवसांत पाण्यात. मला एक, फक्त एक गोष्ट अशी करायची होती जी जागची हलणार नाही.

आण्णा, म्हणजे माझे वडील, रंगाच्या वाटीतून मान वर न करता म्हणाले, "जा. पण डोळ्यांच्या वेळेला ये."

दादरहून रात्रीची गाडी धरली. वर्ध्यापर्यंत ओळखीच्या एका कुटुंबाची सोबत होती. सकाळी स्टेशनबाहेर तर्री-पोहे खाल्ले. कोकणातल्या जिभेला सांगून ठेवते, तर्री, म्हणजे वरचा झणझणीत रस्सा, आधी वेगळ्या वाटीत मागा. मी मागितली नाही आणि आर्वीपर्यंत जीभ हुळहुळत होती. एसटी आर्वीवरून तळेगावला जाते. रस्ता सरळ, दोन्ही बाजूंना कपाशी आणि तूर. आपल्याकडच्या वळणांची सवय असलेल्याला वाटतं की गाडी जागेवरच उभी आहे.

आयोजकांनी माझी सोय वच्छलाबाईंकडे केली होती. घरची शेती, अंगणात बैलजोडी, आवाज शेताच्या पलीकडे जाईल असा. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी विचारलं, "काय कराले आली वं तू एवढ्या दुरून?"

"शिल्प करायला."

"म्हंजे?"

"मूर्ती. मोठी. बाईची."

"बाईची?" त्यांचा चेहरा उजळला. "पोळ्यापर्यंत होईन ना?"

परीक्षक पोळ्याच्याच दिवशी येणार होते, म्हणून मी हो म्हटलं. एवढ्यानं त्या इतक्या का खुलल्या ते समजलं नाही. आमच्याकडे पोळ्याचं फारसं प्रस्थ नाही, त्यामुळे पोळ्यानंतर इथं काय असतं हे मला कुठून ठाऊक असणार?

जागा मिळाली गावाच्या कडेला, पडीक वावरात. नागपूरचा एक मुलगा विटांचा मनोरा रचत होता, अमरावतीचा एकजण लाकडाच्या ओंडक्यावर छिन्नी चालवत होता. मी बांबूच्या कामट्यांचा सांगाडा उभा केला, त्यात वाळलेली पऱ्हाटी, म्हणजे कपाशीच्या काड्या, आणि पेंढ्यासारखं तणस भरलं, वर गोणपाट आणि काळी माती. हात पसरून पुढं झुकलेली बाई. कुणाला तरी कवेत घेते आहे की काहीतरी मागते आहे, हे माझंही ठरत नव्हतं. पण ती माझी होती. साचा नाही, सोंड नाही, गिऱ्हाइकाची ऑर्डर नाही. काळी माती सुकताना भेगाळते, म्हणून रोज ओला हात फिरवत बसे आणि सुखात असे.

गाव बघायला यायचं. इथपर्यंत ठीक. पण लोक विटांच्या मनोऱ्याला वळसा घालून थेट माझ्याकडे यायचे आणि त्या बाईला आपली दुखणी सांगायचे. एक म्हातारे गुडघा धरून तिच्यासमोर बराच वेळ उभे राहिले. एकीनं मुलाचा खोकला सांगितला. दुसरी म्हणाली, "मच्छरबी सांगून ठेवते बाई." कुणी फाटकं फडकं तिच्या हाताला बांधून गेलं. मी सोडायला गेले तर वच्छलाबाई ओरडल्या, "राहू दे वं! त्याईचं त्याईले माहीत."

मला वाटलं, कलेचा परिणाम! कॉलेजात शिकवलं होतं की चांगलं शिल्प बघणाऱ्याला बोलतं करतं. माझं तर अख्ख्या गावाला बोलतं करत होतं. मी हवेत होते. तरी मनात कुठंतरी खुपायचं की हे सगळे मला सोडून तिच्याशीच का बोलतात? आणि मच्छर?

पोळ्याचा दिवस मात्र चुकवू नका. शिंगं रंगवलेले, झुली पांघरलेले बैल तोरणाखाली ओळीनं उभे, आणि घरोघरी पुरणपोळी तुपात बुडवून. तुपाला नको म्हणण्याची इथं पद्धत नाही. परीक्षक नागपूरहून निघाले होते, पण नाल्याला पूर आल्यामुळे वाटेत कारंज्यात अडकले. आता उद्या सकाळी येणार, असा निरोप आला. पाऊस असला तर शिल्पं शाळेच्या पडवीत हलवायची, असंही आयोजक म्हणून गेले.

पंगत उठल्यावर वच्छलाबाई हात पुसत म्हणाल्या, "सकाळी घेऊन जाऊ ना वं तुयी बाई?"

मला वाटलं, शाळेत. "हो मावशी, न्या की. पण सांभाळून."

"सांभाळून काऊन?" त्या हसल्या. "मस्त वाजवत नेऊ!"

मला या माणसांचं कौतुक वाटलं. शिल्प हलवायलासुद्धा वाजंत्री!

सकाळी डफाच्या आवाजानं जाग आली. बाहेर आले तर माझी बाई माणसांच्या खांद्यावर, पुढं डफ, मागं गाव. बायका दारातून झाडू, फुटकी सुपं आणून तिच्यावर टाकत होत्या. आणि सगळे एका सुरात ओरडत होते, "ईडा पीडा, खोकला, रोगराई घेऊन जा गे मारबत!" मिरवणूक शाळेवरून पुढं निघून गेली. मी मागं धावत होते, "अहो शाळा! शाळा मागं राहिली!" कुणाला ऐकू जात नव्हतं.

शिवेवर तिला उभी केली आणि पेटवली.

आत तणस आणि पऱ्हाटी. भडकन पेटली. मी किंचाळले की नाही, मला आठवत नाही. पसरलेले हात सगळ्यात शेवटी पडले. लोक मागं न बघता घराकडे वळले. एक म्हातारे थांबून मला म्हणाले, "अशी मारबत गावात झाली नाई, पोरी. सारं घेऊन गेली."

वच्छलाबाईंना मी रडताना दिसले. "काऊन रडून राह्यली वं? तुले इचारूनच नेली ना?"

हेच तर होतं. विचारूनच नेली होती. भांडायचं कुणाशी?

त्यांनीच मग सांगितलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी वाईट-साईट सगळं घेऊन जाणारी बाई बनवतात आणि गावाबाहेर जाळतात. दरवर्षी पोरं काहीतरी बांधायची. यंदा दुरून बाई करणारी आली, म्हणून कुणी बांधलीच नाही.

थोड्या वेळानं परीक्षक आले. माझ्या जागेवर बांबू उपटल्याचे चार खड्डे होते. "तुमचं काम कुठं आहे?" त्यांनी विचारलं. मी काही बोलायच्या आत वच्छलाबाई पुढं झाल्या, "तिचं तर गेलं साहेब. अख्खं गाव गेलतं संग." परीक्षकांनी एकमेकांकडे पाहिलं. न दिसणाऱ्या शिल्पाला नंबर देता येत नाही, हे त्यांचंही बरोबरच होतं. विटांचा मनोरा पहिला आला. निघताना वच्छलाबाईंनी पुरणपोळ्या बांधून दिल्या आणि "पुढल्या पोळ्याले येजो" म्हणाल्या. मला राग यायला हवा होता. आला, पण मी शिदोरी घट्ट धरून बसले होते.

परतीच्या गाडीत तेच घोळत राहिलं. माझं शिल्प जळालं की पोचलं? अपमान झाला की मान? इतकी वर्षं झाली, आजही कुणी विचारलं तर दर वेळी वेगळं उत्तर देते.

घरी पोचले तेव्हा आण्णा पाटावर बसले होते.

"लागला नंबर?"

"नाही."

"मूर्ती?"

"गावानं नेली."

"वाजवत?"

"वाजवत."

त्यांनी मग बारीक कुंचला माझ्यापुढं धरला. "मग बस. डोळे राहिलेत."

मी डोळे आखले. चतुर्थीला पहाटेपासून गिऱ्हाइकं आली. पहिली मूर्ती उचलली तशी ओसरी दणाणली, "मोरया!" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "घेऊन जा गे..." मी जीभ चावली.

"काय म्हणालीस?" आण्णांनी वळून विचारलं.

"काही नाही. नीट न्या म्हटलं."